विश्लेषण : पुरातत्त्वज्ञांना गावकऱ्यांशी संवाद का साधावा लागतो? कोकणातील कातळशिल्पे काय सांगतात?

कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत पोहोचली. यातील बहुतांश शिल्पे एखाद्या मोठ्या सरकारी उत्खननातून नव्हे, तर गुराखी, शेतकरी आणि गावातील जुन्याजाणत्यांना विचारत सडे पालथे घातल्यामुळे उजेडात आली. वारसा शोधणे आणि टिकवणे या दोन्हींसाठी लोकांशी संवाद का गरजेचा आहे आणि तो कुठे अडतो, याचा हा आढावा.

कातळशिल्पे कशी सापडली?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यांवर माणसे, हत्ती, मासे, पक्षी आणि भौमितिक रचना कोरलेल्या आहेत. काही तुरळक ठिकाणे आधीपासून माहीत होती. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी साधारण २०१२ पासून पद्धतशीर शोध सुरू केला. दोघेही व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ नाहीत. गावोगावी जाऊन ‘सड्यावर काही कोरलेले दिसते का’ असे विचारणे, ही त्यांची मुख्य पद्धत. पुढे राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि अभ्यासक यात आले. आज नोंद झालेल्या शिल्पांची संख्या एक हजाराहून अधिक आहे. संभाव्य यादीतील नऊ ठिकाणांपैकी सात रत्नागिरीत, कुडोपी सिंधुदुर्गात, तर एक गोव्यात आहे.

गावकऱ्यांना ही चित्रे नवी नव्हती. गुरे चारताना पिढ्यानपिढ्या ती दिसत होती. मात्र ‘याला महत्त्व आहे’ हे सांगणारे आणि ‘तुम्हाला काय माहीत आहे’ हे विचारणारे कोणी आले नव्हते.

लोकांच्या माहितीला एवढे महत्त्व का?

पहिले कारण संख्येचे. पुरातत्त्वज्ञ मोजके आहेत आणि जमीन अफाट. नांगरणी, विहीर खोदाई, घराचा पाया, चिरेखाण या कामांतून रोज जितकी जमीन उलथली जाते, तितकी कोणत्याही संस्थेला तपासता येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादचे प्रसिद्ध कांस्यशिल्प, म्हणजे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, १९७४ मध्ये झाडाची मुळे खणताना एका स्थानिक शेतकऱ्यालाच सापडले.

दुसरे कारण संदर्भाचे. वस्तू कोणत्या थरात, किती खोलीवर आणि कशाच्या शेजारी होती, यावरून तिचा काळ आणि उपयोग ठरतो. ती उचलून घरी नेली की वस्तू उरते, माहिती निम्मी होते. दायमाबादच्या शिल्पांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद झाले, त्यामागे ती शास्त्रीय उत्खननात मिळाली नव्हती हेही कारण आहे. म्हणूनच वस्तू सापडल्यावर पहिल्या तासाभरात गावकरी काय करतो, हे निर्णायक ठरते.

संवाद म्हणजे नेमके काय?

केवळ व्याख्यान किंवा प्रदर्शन नव्हे. महाराष्ट्रात याची परंपरा आहे. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी सर्वसामान्यांसाठी लेखन केले. म. के. ढवळीकर यांनी ‘महाराष्ट्राची कुळकथा’सारख्या पुस्तकातून उत्खननाचे निष्कर्ष मराठी वाचकांपर्यंत नेले. तमिळनाडूतील कीळडीत उत्खनन पाहायला लोकांची रीघ लागली आणि २०२३ मध्ये तिथेच संग्रहालय उभे राहिले. वस्तू दूरच्या शहरातील गोदामात न जाता गावाजवळ राहिल्या, तर गावाला त्या आपल्या वाटतात.

रत्नागिरीजवळच्या उक्षी गावात कातळशिल्पाच्या संरक्षणासाठी स्थानिकांच्या सहभागाने काम झाले. बहुतेक शिल्पे खासगी जमिनीवर आहेत. तिथे चोवीस तास पहारेकरी ठेवणे शक्य नाही. जमीनमालकाची इच्छा हेच खरे कुंपण.

मग लोक माहिती का लपवतात?

जमीन जाईल आणि बांधकाम थांबेल, या भीतीपोटी. ही भीती पूर्णपणे निराधार नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. मात्र शेतात नाणे किंवा मूर्ती सापडली म्हणून हा नियम आपोआप लागू होत नाही. त्यासाठी ते ठिकाण राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून रीतसर अधिसूचित व्हावे लागते आणि त्याआधी हरकती मागवल्या जातात.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. त्यावर कुणाची मालकी सिद्ध झाली नाही, तर शोधणारा आणि जमीनमालक यांना त्यात हक्क मिळू शकतो. सरकारने तो ऐवज घ्यायचे ठरवल्यास किमतीपेक्षा एक पंचमांश अधिक रक्कम देण्याची तरतूद आहे. न कळवल्यास मात्र हा हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. गावात शिक्षेची बाजू सगळ्यांना माहीत असते, मोबदल्याची क्वचितच कुणाला.

इतर देशांत काय केले जाते?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंच्या ऐच्छिक नोंदणीची योजना आहे. ठिकठिकाणी नेमलेले अधिकारी वस्तू पाहतात, नोंदवतात आणि बहुतेक वेळा परत करतात. आतापर्यंत दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली. यामुळे हौशी मेटल डिटेक्टरवाल्यांना प्रोत्साहन मिळते, असा आक्षेपही घेतला जातो. भारतात कायदा वेगळा असल्याने ही योजना जशीच्या तशी आणता येणार नाही. पण सापडलेली वस्तू घेऊन विश्वासाने जाता येईल असा जवळचा माणूस असावा, ही कल्पना घेण्यासारखी आहे.

बारसूने कोणता प्रश्न पुढे आणला?

राजापूर तालुक्यातील बारसूचा सडा संभाव्य यादीत आहे. त्याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्प प्रस्तावित झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणावेळी मोठे आंदोलन झाले. कातळशिल्पांचे काय होणार, हा प्रश्न तेव्हा राज्यभर चर्चेत आला. प्रकल्प हवा की नको, याचे उत्तर पुरातत्त्वज्ञ देऊ शकत नाहीत. तिथे काय आहे आणि काय गमावले जाऊ शकते, हे लोकांना त्यांच्या भाषेत आणि वेळेत सांगणे मात्र त्यांचेच काम आहे. ही माहिती आंदोलन पेटल्यावर समोर आली, तर ती एका बाजूचे हत्यार ठरते. आधी आली, तर निर्णयाचा आधार होते.

पुढे काय व्हायला हवे?

उत्खननाचे अहवाल वर्षानुवर्षे रखडतात आणि आले तरी बहुधा इंग्रजीत. ज्या गावात उत्खनन झाले, तिथल्या ग्रामपंचायतीला आणि शाळेला मराठीत चार पानांचा सारांश देणे फार खर्चिक नाही. शोधाच्या बातमीत माहिती देणाऱ्या गावाचा उल्लेख व्हायला हवा. कायद्यातील मोबदल्याची तरतूद तलाठी कार्यालयातील फलकावर लावायला हवी.

वाचकांसाठी एवढेच : काही सापडल्यास ते घासू-धुऊ नये, जागेवरून हलवू नये, मोबाइलवर फोटो आणि ठिकाण नोंदवावे आणि तहसील कार्यालय किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. कातळशिल्पावर चालणे, पाणी ओतणे किंवा खडूने रेषा गिरवणे टाळावे. हजारो वर्षे ऊन-पावसात टिकलेली रेघ चिरेखाणीच्या यंत्राखाली एका दिवसात जाते. ते यंत्र वेळीच थांबवू शकणारा माणूस पुण्या-मुंबईत नव्हे, त्या सड्याच्या शेजारी राहतो.