शाडूची चिमूट आणि पोवळी

पोवळे हा दगड, वनस्पती की प्राणी? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक हात 'दगड' या उत्तरासाठी वर होतात. कारण आपण पोवळे पाहिलेले असते ते अंगठीत. वास्तविक तो खडा म्हणजे एका अपृष्ठवंशीय प्राण्याचा सांगाडा होय.

उथळ समुद्रात प्रवाळभित्ती बांधणारे जीव त्याचेच भाऊबंद. एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरांचा. नळीसारखे शरीर आणि तोंडाभोवती दंशपेशी असलेली शुंडके. तो आपल्या खाली कॅल्शियम कार्बोनेटचा थर घालीत जातो. अशा असंख्य जीवांच्या बांधकामात खेकडे, कोळंबी, तारामासे यांना बिऱ्हाड मिळते. या गवंड्याची शिदोरी मात्र त्याच्या पेशींतच असते. तेथे राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. प्रकाश अडला की चूल विझली!

येथे माझा विषय, म्हणजे भौतिकी, येतो. पेणच्या मुलांना शाडूची माती शोधायला लांब जायला नको. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात चिमूटभर शाडू ढवळा आणि दोन्हींतून विजेरीचा झोत भिंतीवर पाडा. शाडूचे कण प्रकाश विखुरतात. भिंतीवरचा ठिपका फिका पडतो. एका पेल्यात ही गत, तर काही मीटर खोलीवर काय होत असेल?

अंबा आणि कुंडलिका पावसाळ्यात गोडे पाणी व गाळ खाडीत ओततात. नदीमुखासमोर प्रवाळभित्तीला खिंड पडते, याची दखल डार्विनने १८४२ च्या ग्रंथात घेतली होती. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पोवळी आहेत. मुंबईच्या गढूळ पाण्यातही काही चिवट जाती तग धरून आहेत; किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये त्यांच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या. पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. पण गाळाला कायदा वाचता येत नाही.

"आपल्याकडे प्रवाळभित्ती नाही, मग आपला काय संबंध?" असे म्हणून धडा मिटू नये, असे माझे मत आहे. गाळ सगळाच वाईट नव्हे; आपली खारफुटी आणि चिंबोऱ्या त्यावरच जगतात. पण डोंगर उघडे पडले, राडारोडा नदीत गेला, तर वाढलेला गढूळपणा मोजणार कोण?

तो शाळांनी मोजावा. १८६५ मध्ये सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे मोजले. आपणही ताटलीला पांढरा रंग द्यावा, खाली वजन बांधावे, दोरीला दर १० सेंटीमीटरवर गाठ मारावी आणि शिक्षकांसह धक्क्यावरून ती पाण्यात सोडावी. खोलीबरोबर तारीख व भरती-ओहोटीची वेळ वहीत नोंदवावी. पेण आणि रोह्याच्या शाळांनी दर महिन्याला एवढे केले, तर नदी समुद्राला काय देते याचा हिशेब आपल्या हाती राहील. आरंभ यंदाच करा.