मानव्यविद्यांतील कच्चा विद्यार्थी आणि एकट्याची शिकवणी

‘शिकवणी’ हा शब्द मराठीत उच्चारला की गणित, विज्ञान आणि फार तर इंग्रजी हेच विषय डोळ्यांसमोर येतात. इतिहासाची, राज्यशास्त्राची किंवा वाङ्मयाची शिकवणी लावल्याचे क्वचितच ऐकू येते. हे विषय पाठांतराने निभावता येतात अशी सार्वत्रिक समजूत आहे. आणि पाठांतर करूनही जो त्यांत मागे पडतो तो मुळातच विद्येला अपात्र, ही त्याच समजुतीची दुसरी, अधिक क्रूर बाजू आहे. परिणाम असा, की ज्या विद्यार्थ्याला शेजारी बसून वाचणाऱ्या कोणाची तरी सर्वाधिक गरज असते त्याच्या हाती ‘गाईड’ पडते.

वस्तुतः मानव्यविद्यांतील कच्चेपणा हा बहुधा माहितीचा तुटवडा नसतो. १८५७ च्या उठावाची कारणे विचारली असता असा विद्यार्थी काडतुसे, संस्थानांचे विलीनीकरण, शेतसारा, धर्मांतराची भीती ही सारी क्रमांकवार लिहितो. यादी पुष्कळदा अचूक असते. परंतु यांतील एक कारण वगळले तर उरलेल्यांनी उठाव उभा राहतो काय, अथवा शिपायाला जे कारण होते तेच तालुकदारालाही होते काय, हे प्रश्न त्याला कोणी कधी विचारलेलेच नसतात. व्याख्यानात ते विचारले गेले तरी उत्तर देतो पहिल्या बाकावरचा. मागच्या बाकावरचा ते उत्तर उतरवून घेतो आणि यादीत सहावे कारण म्हणून जोडून टाकतो! ही गाठ सोडवण्यास त्याने लिहिलेले पान समोर ठेवून त्यालाच बोलते करावे लागते, आणि हे काम साठांच्या वर्गात होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाला या गरजेची जाणीव नव्हती असे नाही. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२००७–२०१२) अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांसाठी आयोगाने जी मार्गदर्शन योजना आखली, तिच्यात ‘नेट’ आणि सेवाप्रवेश परीक्षांच्या तयारीबरोबर उपचारात्मक अध्यापनाचाही समावेश होता. योजनेमागचा हेतू स्तुत्य होता याविषयी दुमत नसावे. तथापि ‘उपचार’ हा शब्द मराठीत दुहेरी आहे. रोगावर इलाज हा त्याचा एक अर्थ आणि केवळ रीत म्हणून पार पाडावयाचा सोपस्कार हा दुसरा. बहुतेक ठिकाणी दुसराच अर्थ खरा ठरावा अशी व्यवस्था होते. सकाळी जे व्याख्यान समजले नाही तेच सायंकाळी तीस जणांना पुन्हा दिले जाते, हजेरी भरली जाते, खर्चाचे प्रमाणपत्र रवाना होते.

याच प्रश्नाला वेगळ्या रीतीने भिडल्याचे एक उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. १९७० मध्ये तेथील सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील प्रत्येक शालान्त उत्तीर्णास प्रवेश खुला केला, आणि ज्यांच्या घरी इंग्रजी वेगळ्या वळणाने किंवा मुळीच बोलली जात नव्हती अशी मुले वर्गांत आली. सिटी कॉलेजात लेखन शिकवणाऱ्या मीना शॉनेसी यांनी अशा विद्यार्थ्यांचे सुमारे चार हजार प्रवेशकालीन निबंध अभ्यासले व १९७७ मध्ये ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. चुकांना स्वतःची एक संगती असते, विद्यार्थी निष्काळजीपणाने नव्हे तर कोणत्या तरी नियमाला अनुसरूनच चुकतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. ग्रंथ येण्यापूर्वीच, १९७६ मध्ये, आर्थिक अरिष्टापायी त्या विद्यापीठातील विनाशुल्क शिक्षण बंद झाले होते.

शॉनेसी यांचे म्हणणे मराठीला जसेच्या तसे लागू पडते. विदर्भातून आलेला एखादा विद्यार्थी ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’ लिहितो. ‘डोळा’ या शब्दाचा ‘डोया’ करतो. चाळीस उत्तरपत्रिका समोर असलेला परीक्षक वीस ठिकाणी लाल खूण करून मोकळा होतो. शेजारी बसून वाचणाऱ्याच्या ध्यानात येते की चुका वीस नाहीत, दोनच आहेत; त्याच्या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘य’. पुढे हाच विद्यार्थी ‘आणंद’ किंवा ‘मण’ लिहू लागला, तर त्याला हसण्यापूर्वी हे ओळखले पाहिजे की तो सुधारण्याची शिकस्त करीत आहे; त्याने एक नियम शिकून तो गरजेपेक्षा जास्त लावला आहे. लाल शाईला हा फरक दिसत नाही, कारण तिच्या लेखी दोन्ही खुणा सारख्याच.

यात एक विरोधाभासही आहे. बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आली आणि तेव्हापासून मराठीच्या अभ्यासक्रमांत ती मानाने नांदत आहेत. जळगावकडचा जो विद्यार्थी प्रमाण मराठीत अडखळतो म्हणून कच्चा ठरतो, त्याला ती गाणी टीपेवाचून कळतात. टीप लागते ती पुण्याच्या हुशार विद्यार्थ्याला. त्याचे हे भांडवल समूहवर्गात बाहेर येत नाही, कारण तेथे तो तोंडच उघडत नाही. समोर एकच माणूस असला आणि त्याने ओळ मोठ्याने म्हणावयास सांगितले तर ते येते.

म्हणूनच कोणत्या भाषेत विचारावयाचे हा प्रश्न गौण नाही. पंडित शिष्य संस्कृतात शंका विचारू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना, चक्रधरांनी आपल्याला मराठीतच निरूपण केले, तेव्हा त्याच भाषेत विचारा असे बजावल्याचा प्रसंग ‘स्मृतिस्थळा’त आहे. दिल्ली, हैदराबाद वा बनारस येथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची स्थिती नेमकी उलट असते: विषय त्याच्या आवाक्यातला, शंकेची भाषा मात्र परकी. अशा विद्यापीठांतील भारतीय भाषांचे विभाग केवळ आपापल्या वाङ्मयापुरते पाहतात. इतिहास विभागातील ओडिया विद्यार्थ्याला त्याचा निबंध ओडियात बोलून मग इंग्रजीत मांडावयास मदत करील असा माणूस बहुधा त्याच आवारात, दुसऱ्या मजल्यावर बसलेला असतो; त्याला कोणी बोलावीत नाही, इतकेच.

एकट्याच्या शिकवणीच्या पुरस्कर्त्यांनी एक पथ्य पाळावयास हवे. बेंजामिन ब्लूम यांच्या १९८४ च्या लेखाचा हवाला सर्वत्र दिला जातो; स्वतंत्र शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील अठ्ठ्याण्णव टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो, असा त्यातील निष्कर्ष. पण ते प्रयोग शाळकरी मुलांवर झाले होते आणि विषय होते संभाव्यता व नकाशाशास्त्र. कर्ट व्हॅनलेन यांच्या २०११ च्या समीक्षेत तर हा परिणाम निम्म्याहूनही कमी भरला. कविता समजल्याचे मोजमाप अशा आकड्यांत करणे हा भाबडेपणाच होय.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. ऑक्सफर्डमध्ये दर आठवड्यास एकदोन विद्यार्थ्यांना समोर बसवून त्यांचा निबंध ऐकण्याची पद्धत टिकली ती महाविद्यालयांच्या गडगंज मिळकतीवर. आणि गंमत अशी की, हे सर्वांत महागडे अध्यापन सर्वांत तयार विद्यार्थ्यांच्या वाट्याला गेले. आपल्याकडे राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) व्याख्यानांना ट्यूटोरियल आणि लेखी कामाची जोड देण्याची शिफारस केली. कालांतराने ट्यूटोरियल म्हणजे लहान खोलीतले व्याख्यान झाले. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला सोळा तासांचे प्रत्यक्ष अध्यापन धरले होते. त्यांतील चार तास राखून ठेवले तर अर्ध्या अर्ध्या तासाने आठ विद्यार्थी होतात. हे अशक्य नाही. फक्त एका विद्यार्थ्यासमोर घालवलेला अर्धा तास वेळापत्रकात अध्यापन म्हणून मोजला गेला पाहिजे. उरलेला भार संशोधक विद्यार्थ्यांनी उचलावा, रीतसर मानधन घेऊन. वरच्या विद्यार्थ्याने खालच्यास शिकवणे ही या देशाला नवी गोष्ट नव्हे. मद्रासेत ती पाहूनच अँड्रयू बेल यांनी १७९७ मध्ये इंग्लंडात आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली होती. अलीकडे यंत्राकडून निबंध दुरुस्त करून घेण्याची सोय झाली आहे. पण यंत्र गुळगुळीत वाक्य परत देते, ‘आणंद’ कोठून आला हे विद्यार्थ्याला विचारीत नाही.

खर्चाहून अवघड गोष्ट अप्रतिष्ठेची आहे. कच्च्यांची यादी फलकावर लागली की ती जातींची यादी म्हणून वाचली जाते, आणि ज्यांच्यासाठी वर्ग ते त्याच्या दारावरूनही जात नाहीत. त्यापेक्षा पहिल्या सत्राच्या प्रारंभी विभागातील प्रत्येक विद्यार्थ्याला, हुशार असो वा नसो, त्याचे एक पान घेऊन अर्ध्या तासासाठी एकट्याने बोलवावे. दार उघडे ठेवावे, बोलणे त्याला येईल त्या भाषेत व्हावे, आणि निघताना पुढची वेळ हवी का एवढेच विचारावे. साठांपैकी दहाबारा जण वेळ मागतील, आणि त्यांत पहिल्या बाकावरचेही एकदोन असतील.