चार यार्डांची किंमत

अमेरिकन फुटबॉलवर काही लिहिलं की नात्यातल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पायाने कोणी मारतच नाही, मग हा फुटबॉल कसला?" त्याचं उत्तर पुन्हा कधीतरी. आजचा विषय वेगळा आहे. गेली वीसेक वर्षं या खेळाचे चाहते एका प्रश्नावरून दोन तट पाडून भांडताहेत. बॉल हातात घेऊन पळण्यात, म्हणजे ज्याला रनिंग गेम म्हणतात त्यात, आता काही राम उरला आहे का? की तो नुसता जुन्या कोचांचा हट्ट?

माझं मत आधीच सांगून टाकते. राम आहे, आणि चांगला भरपूर आहे. फक्त जुनी मंडळी सांगतात त्या कारणासाठी नाही. आणि हे पळणं ज्याच्या अंगावर बेततं त्या माणसाला त्याचा मोबदला नीट मिळत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मैदान १०० यार्डांचं. ऑफेन्सला दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. ते जमलं की पुन्हा चार प्रयत्न. (यार्ड म्हणजे आपला वार. दहा यार्ड म्हणजे नऊवारीपेक्षा फक्त एक वार जास्त! :-)) प्रत्येक प्रयत्नात क्वार्टरबॅकपुढे दोन मुख्य रस्ते असतात. एक तर बॉल लांबच्या गड्याकडे फेकायचा, नाहीतर शेजारच्या रनिंग बॅकच्या हातात द्यायचा आणि त्याने समोरच्या गर्दीत घुसायचं.

आता हिशेब बघा. एनएफएलमध्ये एका पासमागे सरासरी सातेक यार्ड मिळतात. क्वार्टरबॅक बॉलसकट पकडला गेला तर होणारं नुकसान वजा केलं तरी सहाच्या आसपास. पळण्यामागे मिळतात सव्वाचार-साडेचार. आकडेवारीवाल्यांचं म्हणणं इतकं सोपं आहे: जो रस्ता सहा देतो तो सोडून चार देणाऱ्या रस्त्याने का जायचं? कोणी म्हणेल, चार त्रिक बारा, म्हणजे तीन वेळा पळालं तरी दहा यार्ड झालेच की! पण सरासरी अशी हप्त्याहप्त्याने मिळत नाही. एकदा दोन, एकदा शून्य आणि मग कधीतरी एकदम अकरा, अशी ती जमते. दोन आणि शून्य झाल्यावर तिसऱ्या प्रयत्नाला आठ यार्ड हवे असतात. मग पास टाकावाच लागतो, आणि तो येणार हे समोरच्यालाही ठाऊक असतं.

हा युक्तिवाद खोटा नाही. खेळाचा इतिहासही त्याच दिशेने गेलाय. मुळात पुढे पास टाकायची परवानगीच १९०६ साली मिळाली. त्याआधी सगळं घोळक्याने घुसणंच होतं, आणि त्यात कॉलेजातली पोरं मैदानावर मरत होती. १९०५ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी मोठ्या विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून सांगितलं होतं. पास हा नंतर आलेल्या सुधारणांपैकी एक. तरी पुढची कित्येक दशकं पळणंच मुख्य राहिलं. जानेवारी १९७४ च्या सुपर बोलमध्ये मायामीच्या बॉब ग्रीसीने अख्ख्या सामन्यात फक्त ७ पास टाकले. त्यांच्या लॅरी झोंकाने ३३ वेळा बॉल घेऊन १४५ यार्ड काढले आणि मायामीने मिनेसोटाला २४-७ असं हरवलं. मग १९७८ साली नियम बदलले. पास झेलायला निघालेल्या गड्याला पाच यार्डांपुढे धक्काबुक्की करायला बंदी आली, क्वार्टरबॅकला राखणाऱ्या लाइनमनना हात पसरून अडवायची मुभा मिळाली, आणि पासचा जमाना सुरू झाला.

मग पळायचं कशासाठी?

पहिलं कारण घड्याळ. पास खाली पडला की घड्याळ थांबतं. पळणारा मैदानाच्या आत पडला तर ते चालू राहतं. पुढे असलेल्या संघासाठी ही मोठी गोष्ट आहे. फेब्रुवारी २०१७ चा सुपर बोल आठवा. अटलांटा २८-३ असा पुढे होता. न्यू इंग्लंडने पाठलाग करत २८-२० पर्यंत आणलं. तरीही शेवटची साडेचारेक मिनिटं उरलेली असताना अटलांटाकडे बॉल होता आणि ते समोरच्यांच्या २२ यार्डांवर उभे होते. तिथून तीन वेळा पळून काही मिळालं नसतं तरी घड्याळ तरी खाल्लं गेलं असतं, समोरच्याचे टाइमआउट संपले असते आणि चाळीसेक यार्डांवरून तीन गुणांची किक मारता आली असती. आघाडी अकराची, म्हणजे भरून काढायला दोन वेळा गुण हवेत. अटलांटा एकदा पळालं, एक यार्ड मागे आलं आणि मग पासकडे वळलं. क्वार्टरबॅक पकडला गेला, १२ यार्ड गेले. मग पेनल्टीत आणखी १०. किकसुद्धा मारता आली नाही. पुढे न्यू इंग्लंडने बरोबरी केली आणि जादा वेळेत ३४-२८ ने जिंकले. त्या दिवशी अटलांटाच्या रनिंग बॅक्सनी एकूण १८ वेळा बॉल घेऊन १०४ यार्ड काढले होते, म्हणजे दर वेळी पावणेसहा! पळणं चालत नव्हतं असं अजिबात नव्हतं.

याच्या उलट उदाहरण दोन वर्षं आधीचं. फेब्रुवारी २०१५, सिॲटल विरुद्ध न्यू इंग्लंड. सिॲटलला जिंकायला एक यार्ड हवा, २६ सेकंद उरलेत, आणि ताफ्यात मार्शॉन लिंचसारखा रेडा. त्यांनी पास टाकला, माल्कम बटलरने तो मध्येच पकडला आणि सामना संपला. आजही लोक त्या पासला शिव्या घालतात. मला मात्र तो निर्णय तितका वेडगळ वाटत नाही. एकच टाइमआउट उरला होता, त्यामुळे उरलेले तिन्ही प्रयत्न पळण्यात घालवायला वेळच पुरला नसता. कधीतरी एक पास टाकायलाच हवा होता. सांगायचा मुद्दा असा, की 'पळायलाच हवं' हा काही मंत्र नाही. कधी पळायचं हे घड्याळ आणि धावफलक बघून ठरतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पळण्याची भीती समोरच्याला कसं उभं राहायचं ते ठरवायला लावते. डिफेन्सकडे अकराच माणसं. पळणाऱ्याला अडवायला आठ जण पुढे आणले तर मागे लांब पासला राखण करायला तीनच उरतात. मागे दोन राखणदार खोल उभे केले तर पुढची गर्दी पातळ होते. दोन्हीकडे एकदम पुरे पडता येत नाही. आपल्याकडे आईची पांघरुणाची तक्रार असायची तसं, डोकं झाकलं तर पाय उघडे. गेल्या काही वर्षांत डिफेन्सनी लांब पासला कंटाळून मागे दोन राखणदार ठेवणं वाढवलं, आणि त्याबरोबर पळणाऱ्यांचे दिवस पुन्हा बरे आले. २०२४ च्या मोसमात डेरिक हेन्रीने तिशी गाठल्यावर १९२१ यार्ड काढले ते काही उगाच नाही.

यावर आकडेवारीवाले म्हणतात: पळण्याची हुलकावणी देऊन टाकलेला पास, म्हणजे प्ले-ॲक्शन, चांगला चालतो हे खरं, पण त्यासाठी आधी खूप पळावं लागतं असं आकड्यांत दिसत नाही. जास्त पळणाऱ्या संघाची हुलकावणी जास्त चालते असं नाही. मला हे मान्य आहे. पण त्यातून 'पळूच नका' हे कसं निघतं ते कळत नाही. समोरचा लाइनबॅकर हुलकावणीला फसतो कारण शाळेपासून त्याच्या अंगात मुरलंय की रनिंग बॅकच्या पोटाशी बॉल गेला की पुढे धावायचं. हे अंगवळण टिकलंय ते सगळेच संघ पळतात म्हणून. अजिबात न पळणारा संघ एनएफएलमध्ये कोणी उभा केलेलाच नाही, मग त्याचा आकडा कुठून येणार? गावात चोर फिरकत नाहीत म्हणून कुलपं काढून टाकण्यातला हा प्रकार आहे.

आणि ही धास्ती कशी काम करते ते बघायचं तर फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल पुरे. फिलाडेल्फियाच्या सॅक्वॉन बार्कलीने त्या मोसमात १६ सामन्यांत २००५ यार्ड काढले होते. कॅन्सस सिटी त्याला रोखायचं ठरवूनच उतरलं होतं, आणि त्यांनी रोखलंही. २५ वेळा बॉल घेऊन त्याला मिळाले फक्त ५७ यार्ड. नुसता तक्ता वाचणारा म्हणेल, पळणं फुकट गेलं. पण त्याच सामन्यात जेलन हर्ट्सने २२ पैकी १७ पास पोचवले, स्वतः पळून ७२ यार्ड काढले आणि फिलाडेल्फिया ४०-२२ ने जिंकलं. अर्थात त्यांच्या डिफेन्सचा वाटा फार मोठा होता, ते नाकारायचं कारण नाही. पण बार्कलीला दिलेलं लक्ष दुसरीकडून काढून दिलेलं होतं, आणि त्याचा फायदा हर्ट्सच्या खात्यात जमा झाला. २५ वेळा अंगावर माणसं घेतली बार्कलीने.

आता माझ्या तक्रारीकडे येते.

रनिंग बॅक कोणीही चालतो, बदलता येतो, असं क्लबांचे मॅनेजर म्हणतात. त्याला पुरावाही आहे. २०१८ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सचा टॉड गर्ली गुडघ्याने बेजार झाला, तर त्यांनी डिसेंबरात उचललेल्या सी. जे. अँडरसनने आल्याआल्या शंभरावर यार्ड काढायला सुरुवात केली. पळण्यातले बरेचसे यार्ड पुढचे पाच लाइनमन मिळवून देतात हेही खरंच. पण याच्या विरुद्धही पुरावा आहे. १९९३ साली डॅलसचा एमिट स्मिथ पैशांवरून अडून बसला. संघ पहिले दोन्ही सामने हरला, मालकाने करार केला, आणि तोच संघ त्या वर्षीचा सुपर बोल जिंकला.

स्मिथला अडून बसता तरी आलं. आजच्या पोरांना तेवढीही जागा नाही. ड्राफ्टमध्ये निवडलेल्याचा पहिला करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्षही क्लबच्या मर्जीवर. तीन मोसम होईपर्यंत करार बदलायची मुभा नाही. आणि ते संपलं की क्लब 'फ्रँचाइझ टॅग' लावून आणखी एक वर्ष अडकवू शकतो. क्वार्टरबॅकला हे जाचक नाही, कारण तो पस्तिशीतही खेळतो. रनिंग बॅकची उमेदीची वर्षं मात्र नेमकी हीच. तो मोकळा होतो तेव्हा सत्ताविशीकडे झुकलेला असतो आणि मॅनेजर म्हणतो, "आता तुझे गुडघे गेले." गुडघे कोणासाठी गेले?

२०२३ मध्ये टॅगची रक्कम क्वार्टरबॅकसाठी सव्वातीन कोटी डॉलर होती, पास झेलणाऱ्या रिसीव्हरसाठी जवळपास दोन कोटी, आणि रनिंग बॅकसाठी एक कोटी. बार्कलीची त्या वर्षी न्यूयॉर्कने एका वर्षाच्या करारावर बोळवण केली. त्याच जुलैत वैतागलेल्या रनिंग बॅक्सनी एकत्र ऑनलाइन बैठकही घेतली, पण हातात नियमच नसल्याने निघालं काहीच नाही. पुढच्या वर्षी बार्कली फिलाडेल्फियाला गेला, जिंकला, आणि मार्च २०२५ मध्ये त्याला दोन वर्षांसाठी ४ कोटी १२ लाखांची वाढ मिळाली. छान झालं. पण पोटापाण्याचे नियम एका बार्कलीवरून ठरवायचे नसतात. लेव्हिऑन बेल टॅग नाकारून २०१८ चं अख्खं वर्ष घरी बसला आणि पुन्हा कधी पूर्वीसारखा खेळला नाही. गर्लीला २०२० च्या मार्चमध्ये रॅम्सने सोडलं, आणि त्याच मोसमात वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो शेवटचं खेळला.

कोणी म्हणेल, कोट्यवधी कमावणाऱ्यांचं दुःख ते काय! खरंय, आपल्या तुलनेत ते काहीच नाही. पण पैसा तयार होतोच आहे, आणि तो कोणाकडे जातो एवढाच प्रश्न आहे. ज्याने अंगावर मार घेतला त्याच्याकडे गेला तर कोणाचं काय बिघडतं?

उपाय फार अवघड नाही. रनिंग बॅकचा पहिला करार तीन वर्षांचा करा आणि त्याला टॅग लावणं बंद करा. खेळाडू संघटना आणि लीग यांच्यात २०२० साली झालेला करार २०३० च्या मोसमापर्यंत आहे. त्यानंतर पुन्हा वाटाघाटी होतील. अडचण एवढीच, की संघटनेत रनिंग बॅक थोडे आणि बाकीचे जास्त. त्यांचा वाटा वाढला तर दुसऱ्या कोणाचा तरी कमी होणार. म्हणून हे आपोआप होईल असं मला वाटत नाही. बार्कली-हेन्रीसारख्या ज्यांचं भलं झालंय त्यांनीच ते लावून धरलं तर काही होईल.

असो. क्रीडाप्रेमी मंडळींनी आपलं मत जरूर कळवावं, विशेषतः पासवाल्यांनी. आणि ज्यांनी हा खेळ कधीच पाहिला नाही त्यांनी पुढच्या वेळी टीव्हीवर लागला तर बॉल कुठे जातो ते सोडून जरा रनिंग बॅककडे बघा. बॉल हातात नसतानासुद्धा त्याच्याकडे किती जण धावतात ते मोजा.