बॅटरीचा रोजमेळ

रात्री साडेअकराच्या सुमारास मोटरहोममधील दिवे पिवळे पडतात, पंख्याची गती मंदावते आणि फ्रिज शिटी वाजवून बंद पडतो. फ्रिजमध्ये आजोबांचे इन्सुलिन असते, लहानग्याचे दूध असते. दिवसभर गाडी चालली होती. मग बॅटरी रिकामी कशी? दुसऱ्या दिवशी वाटेतल्या गावचा मेकॅनिक एका नजरेत निकाल देतो की बॅटरी ‘गेली’. दहा-बारा हजार रुपये मोजून नवी बसते आणि तिसऱ्या मुक्कामी पुन्हा तेच घडते. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशी गाडी भाड्याने घेणाऱ्या किंवा टेम्पो ट्रॅव्हलरवर स्वतः बांधून घेणाऱ्या कुटुंबांना ही तक्रार आज ना उद्या भेटतेच.

पेढीवर रोकड कमी भरली, तर कोणी तिजोरी बदलत नाही. आधी रोजमेळ तपासला जातो. बॅटरीच्या बाबतीत मात्र तिजोरीच बदलण्याची घाई होते.

मोटरहोममध्ये बहुधा दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करणारी, दुसरी घराची, म्हणजे दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि फ्रिज चालवणारी. इंजिनवरील अल्टरनेटर पहिलीला भरतो आणि मधल्या रिलेमार्गे दुसरीला. जमा होणारी वीज या वाटेवर कोठे गळते, हे शोधायला तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो.

पहिले मोजमाप सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी घ्यावे. सर्व उपकरणे बंद करून काही तास गेलेले असावेत. साध्या लेड-ॲसिड बॅटरीचा आकडा 12.7 व्होल्टच्या आसपास असेल, तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे निम्मी, 11.8 म्हणजे जवळजवळ रिकामी. लिथियम बॅटरीला हे गणित लागू नाही. तिचा दाब बहुतेक काळ 13.2 च्या आसपास स्थिर राहतो, म्हणून तिच्यासाठी आलेल्या-गेलेल्या अँपिअरचा हिशेब ठेवणारा वेगळा मीटर बसवावा लागतो.

मग इंजिन सुरू करून थोडी गती द्यावी आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर लागोपाठ मोजावे. इंजिनाच्या बॅटरीवर 14.2 आणि घराच्या बॅटरीवर सकाळचाच आकडा, असे दिसले तर वीज वाटेतच अडली आहे. फ्यूज उडालेला असेल किंवा रिले जोडत नसेल. फ्यूज डोळ्यांनी पाहून ठीक म्हणू नये. तार शाबूत दिसूनही त्याची पाती गंजलेली असू शकतात. दोन्हीकडे 12.6 च्या आतबाहेर दिसले, तर लक्ष अल्टरनेटरकडे द्यावे. सर्वांत फसवे चित्र तिसरे. इकडे 14.2, तिकडे 13.1. चार्जिंग चालू आहे असे वाटते, दिवाही तसेच सांगतो. पण बॅटरी कधीच पुरती भरत नाही.

हा एक व्होल्ट बहुधा वायर खाते. पुढच्या बॅटरीपासून मागच्यापर्यंत सहा मीटर जाणे आणि सहा मीटर येणे धरले, तर तांब्याच्या 6 चौरस मिलिमीटर वायरीत 30 अँपिअरच्या प्रवाहाला सुमारे एक व्होल्ट गमवावा लागतो. तीच वायर 25 चौरस मिलिमीटरची असेल, तर तूट पाव व्होल्टवर येते. गाडी बांधणाऱ्याने वायरीत वाचवलेले पैसे मालक पुढे बॅटऱ्यांच्या रूपाने फेडत राहतो. कारण अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे थर कठीण होत जातात आणि चांगली नवी बॅटरीही काही महिन्यांत खरोखरच निकामी होते. मेकॅनिकचा निकाल मग उशिराने का होईना, खरा ठरतो.

गळतीची जागा नेमकी हेरण्याची एक सोपी युक्ती आहे. चार्जिंग चालू असताना मीटरची एक पिन एका बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरी पिन दुसऱ्या बॅटरीच्या धन टर्मिनलवर टेकवावी. पडद्यावर येतो तो त्या वाटेवरचा तोटा. मग दोन्ही ऋण टर्मिनलांमध्ये तसेच मोजावे. पुष्कळदा धन बाजू निर्दोष निघते आणि तोटा अर्थिंगमध्ये सापडतो, जेथे वायरीचे टोक रंगावर किंवा गंजावर बोल्टने कसलेले असते. पत्रा घासून उघडा करून ते पुन्हा आवळणे हे अर्ध्या तासाचे काम. समुद्रकाठी मुक्काम करणाऱ्या गाड्यांना ते वरचेवर करावे लागते.

एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांपैकी काहींत आणखी एक पेच आहे. इंधन वाचावे म्हणून गाडीचा संगणक अल्टरनेटरचा दाब मुद्दाम उतरवतो आणि ब्रेक लावताना चढवतो. वायर उत्तम असूनही घराच्या बॅटरीला मग पुरेसा दाब मिळत नाही. येथे रिले बदलून उपयोग नाही. कमी दाब घेऊन योग्य दाब देणारा डीसी-डीसी चार्जर मध्ये बसवावा लागतो.

सारे काही ठीक असूनही हिशेब तुटीचा राहतो, तो खर्चामुळे. कॉम्प्रेसरचा 12 व्होल्टी फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला 40 अँपिअर-तास सहज घेतो. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, तरी काहीही न चालवता तासाला अर्धा ते एक अँपिअर जातो. शंभर अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मेच वापरावे, असा दंडक आहे. पुणे ते महाबळेश्वर तीन तासांच्या प्रवासात ही निम्मी तूट भरून निघत नाही, कारण बॅटरी ऐंशी टक्क्यांपुढे फार सावकाश वीज घेते. छतावरचे शंभर वॅटचे सौर पॅनेल भर उन्हात पाच-सहा अँपिअर देते. पण सावलीसाठी आंब्याखाली गाडी लावली, की तेही जवळपास थांबते.

हे सर्व पाहूनही संशय उरला, तर बॅटरी चार्जरवर पूर्ण भरावी, वायरी सोडवून रात्रभर ठेवावी. सोडवताना ऋण वायर आधी काढावी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून जवळ ठिणगी वा ज्योत नसावी. सकाळी आकडा 12.4 च्या खाली घसरला किंवा दोन दिवे लावताच दाब कोसळला, तर बॅटरी खरोखर संपली. ती भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडेच परत करावी. जुन्या बॅटरीची वजावट नव्या बिलात मागून घ्यावी.