‘काटेरी तार’ या नावाआड दडलेले पाते

#थ्रेड

१/ गृहसंस्थेच्या ठरावात ‘काटेरी तारेचे कुंपण’ असे तीन शब्द लिहिले, की सभासद निश्चिंत होतात. ही निश्चिंतता घातक आहे. या तीन शब्दांआड निरनिराळ्या वस्तू खपवल्या जातात.

२/ खरी काटेरी तार गुरांसाठी जन्मली. इलिनॉयमधील शेतकरी जोसेफ ग्लिडन याने १८७४ साली तिचे पेटंट मिळवले. पिळलेल्या दोन तारा आणि त्या पिळात घट्ट बसलेले काटे. टोचताच जनावर मागे सरते, हेतू तेवढाच.

३/ ‘कॉन्सर्टिना’ हे नाव भात्याच्या एका छोट्या वाद्यावरून आले. ओढले की उलगडणारे, दाबले की मिटणारे वेटोळे. पहिल्या महायुद्धात खंदकांपुढे ते पसरले गेले. हे नाव केवळ आकार सांगते. वेटोळे काट्यांचे की पात्यांचे, हे त्यातून कळत नाही.

४/ ‘रेझर वायर’ तर साधी तारच नव्हे. पोलादी पट्टीतून पाती कापून ती पट्टी मधल्या कणखर तारेवर आवळलेली असते. ‘बीटीओ-२२’ मधला २२ म्हणजे पात्याची लांबी, मिलिमीटरमध्ये. काटा टोचतो, पाते चिरते. अडकलेला जीव धडपडला तर जखम वाढत जाते.

५/ आता उल्हासनगर पाहा. दुसऱ्या महायुद्धात येथे कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी तिथल्या बराकींत संसार मांडले. १९४९ साली ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. तरी पत्त्यावर ‘कॅम्प १’ अजून टिकून आहे. एखादे नाव किती काळ माणसांना चिकटून राहते, हे या शहराला कोणी शिकवायला नको.

६/ ‘नावात काय आहे? चोर अडला म्हणजे झाले!’ असा युक्तिवाद होतो. पण पाते चोर आणि चेंडू आणायला चढलेले पोर यांत भेद करत नाही. भेद करायचा तो तार निवडताना, आणि निवड करायची तर वस्तूला तिचे नाव हवे.

७/ म्हणून मागणी साधी आहे. ठरावात आणि बिलात नेमका प्रकार लिहा, भिंतीची उंची लिहा, ठळक इशाऱ्याची पाटी लावा. पात्याच्या तारेला मराठीत ‘पात्याची तार’च म्हणा. ज्या वस्तूचे खरे नाव सभेत उच्चारायला संकोच वाटतो, ती मुलांच्या हाताला लागेल अशा भिंतीवर चढवू नये.