नकाशा प्रथमोपचाराच्या पेटीत

पावसाळा ओसरला की दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न येतो : "डॉक्टर, रविवारी मुलांना घेऊन गडावर चाललो आहोत, बरोबर काय काय ठेवू?" मी जलसंजीवनीची पाकिटे, क्रेप बँडेज, चिकटपट्टी ही नेहमीची नावे सांगतो आणि शेवटी कागदी नकाशा व होकायंत्र यांची भर घालतो. बहुतेकांना ती थट्टा वाटते. "मोबाइल आहे की!" असे म्हणून ते उठतात.

मोबाइलशी माझे वैर नाही. उपग्रहाकडून आपले स्थान कळण्यास नेटवर्क लागत नाही, हेही खरे. परंतु त्या भागाचा नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल, तर पडद्यावर उरतो तो कोऱ्या पटावरचा एक निळा ठिपका. शिवाय डोंगरात फोन सतत नेटवर्क शोधत राहतो आणि त्याची बॅटरी अपेक्षेपेक्षा पुष्कळ लवकर संपते. मदत मागण्यासाठी तीच तर राखून ठेवायची असते.

वाट चुकल्याने माणसाला इजा होत नाही. चुकल्यावर तो जे करतो त्याने होते. भीतीने पावले भराभर पडतात, घाम वाढतो, पाणी संपते. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी घटले तरी एकाग्रता मंदावू लागते. म्हणजे विचारशक्तीची सर्वाधिक गरज असते नेमकी तेव्हाच ती साथ सोडते. पुढे उष्माघाताकडे वाटचाल सुरू झाली की माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि आपण भरकटलो आहोत हे त्याचे त्यालाच उमगत नाही.

काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांना घोटा मोडलेल्या अवस्थेत माझ्याकडे आणले होते. हातापायांवर कारवीचे ओरखडे, ओठ कोरडे पडलेले. वाट हरवल्यावर ते ओढ्याच्या कडेने उतरत गेले, कारण ओढा गावाकडे नेतो असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. सपाटीवर हा सल्ला ठीक आहे. सह्याद्रीत मात्र ओढा पुष्कळदा कड्याच्या ओठाशी नेऊन सोडतो. पावसाळ्यात जिथून धबधबा कोसळतो, तीच ती जागा. एका कोरड्या टप्प्यावरून उडी मारताना त्यांचा पाय मुरगळून हाड मोडले. तो टप्पा खालच्या मोठ्या कड्याच्या अलीकडे होता, हे त्यांचे नशीब.

नकाशावर हे घरबसल्या दिसते. भारतीय सर्वेक्षण विभाग 1767 पासून हे काम करीत आहे. त्याचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे आपल्याला पुरेसे आहेत. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यांवरील तपकिरी समोच्च रेषा बहुधा वीस-वीस मीटर उंचीच्या अंतराने काढलेल्या असतात. रेषा विरळ असतील तिथे पठार किंवा माची, एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा. ओढ्याची निळी रेघ अशा दाट रेषांना छेदून जात असेल, तर त्या ओढ्याने उतरायचे नाही. नकाशा जुना असेल तर रस्ते, वस्त्या बदललेल्या असतील. डोंगराच्या सोंडा आणि खिंडी मात्र बदलत नाहीत.

याच रेषांवरून वेळेचा अंदाज येतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा हिशेब दिला : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. चार किलोमीटर वाट आणि सहाशे मीटर चढ असेल तर जवळपास एक तास पन्नास मिनिटे. मुले आणि ऊन बरोबर असतील तर मी त्यात निम्म्याने भर घालतो, म्हणजे पावणेतीन तास. पाणी किती न्यायचे आणि माघारी कधी फिरायचे, हे या आकड्यावरून ठरते.

होकायंत्र कशाला, सूर्य नाही का? धुके उतरले की नसतो. 2009 मध्ये जर्मन संशोधकांनी जंगलात व वाळवंटात माणसे चालवून पाहिली; सूर्य-चंद्र दिसेनासे झाले की सरळ चालत असल्याच्या खात्रीने ती चक्क गोल फिरत होती. चकवा लागणे म्हणतात ते बहुधा हेच.

वापर सोपा आहे. नकाशा आडवा धरावा, त्यावर होकायंत्र ठेवावे आणि नकाशाची वरची बाजू सुईच्या उत्तर टोकाकडे येईपर्यंत स्वतःच फिरावे. आता उजवीकडची सोंड कागदावरही उजवीकडे दिसेल. चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतील फरक महाराष्ट्रात इतका थोडा आहे की नवशिक्याने तो सोडून द्यावा. मात्र फोन, चाकू, काठीचे धातूचे टोक लांब ठेवावे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मोजमाप अलिबागला हलवावे लागले होते, इतकी सुई हळवी! आपल्या काळ्या कातळातही लोहयुक्त खनिजे असतात. तेव्हा होकायंत्र खडकावर न टेकवता हातात धरून वाचावे.

सुरुवात रोजच्या पाहण्यातील टेकडीवर करा आणि नकाशा मुलांच्या हाती द्या. आपण आहोत तिथे अंगठा ठेवून चालायचे, दर अर्ध्या तासाने तो पुढे सरकवायचा. समोरचा डोंगर आणि अंगठ्याखालचा डोंगर जुळेनासे झाले, की थांबायचे, सावलीत बसायचे, पाणी प्यायचे आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत आल्या वाटेने परतायचे. ढोरवाटांच्या जाळ्यात "इथूनच जात असेल" म्हणून पुढे रेटायचे नाही. निघण्यापूर्वी ठरलेली वाट आणि परतीची वेळ कागदावर लिहून शेजाऱ्यांकडे ठेवा. त्या वेळेनंतर किती वाट पाहून 112 क्रमांकावर कळवायचे, तेही त्यातच लिहा.