दाबाचा हिशेब

मे महिना आला की धरणांतल्या साठ्याचे आकडे रोज छापून येतात. खडकवासल्यात किती टीएमसी, भातसात किती टक्के, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण धरण काठोकाठ भरलेले असतानाही टेकडीवरच्या वस्तीत नळाखाली हंडा ताटकळतो आणि त्याच वेळी उताराच्या टोकाला फुटक्या जोडातून कारंजे उडते. हे कोडे साठ्याच्या आकड्याने सुटत नाही. ते दाबाच्या हिशेबाने सुटते.

हा हिशेब घरगुतीच आहे. टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल, तर नळाशी सुमारे एक बार दाब मिळतो. केंद्र सरकारच्या नियमपुस्तिकेने एकमजली घरासाठी किमान 7 मीटर, दुमजलीसाठी 12 आणि तिमजलीसाठी 17 मीटर दाब सांगितला होता. प्रत्यक्षात मात्र सखल पेठेत 50 मीटर आणि चढावरच्या गल्लीत तीनही नाही, अशी विषमता असते. ती सांभाळतो चावीवाला. पहाटे तो येतो, लोखंडी चावी चेंबरमध्ये घालतो, आटे मोजून पाणी सोडतो. त्याच्या मनगटावर अख्ख्या वॉर्डाचे राजकारण चालते. पण एकदा चावी फिरवली की पुढे दाब वर गेला की खाली आला, हे तो पाहू शकत नाही. जिथे नळ चोवीस तास भरलेले असतात, तिथे रात्री सगळ्या तोट्या बंद झाल्या की दाब चढतो. आपण गाढ झोपेत असताना गळती सर्वांत जोरात असते.

हे काम स्वयंचलित नियंत्रण व्हॉल्व्ह करतो. त्याच्या पोटात एक रबरी पडदा असतो आणि पडद्याच्या वर पाण्याची छोटी कोठडी. शेजारी स्प्रिंग असलेला लहानसा पायलट असतो. पुढचा दाब ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर गेला की पायलट कोठडीतले पाणी अडवतो, पडदा खाली दाबला जातो आणि वाट अरुंद होते. दाब उतरला की वाट पुन्हा रुंद. यासाठी वीज लागत नाही, नळातल्याच पाण्याचा जोर पुरतो. भारनियमनातही तो कामावर हजर!

मात्र त्याचे माप घेताना घोळ होतो. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात माझी तीस वर्षे गेली. दुकानाच्या पाटीचा आकार पाहून कोणी मर्यादा मंजूर करत नाही. उलाढाल पाहावी लागते. गरजेपेक्षा तोकडे कर्ज धंदा अडवते आणि गरजेपेक्षा मोठे कर्ज धंदा बिघडवते. व्हॉल्व्हचेही तसेच आहे. नळ दीडशे मिलिमीटरचा म्हणून व्हॉल्व्हही दीडशेचा, असे निविदेत सर्रास लिहिले जाते. समजा, एका वस्तीला गर्दीच्या वेळी तासाला 60 घनमीटर पाणी लागते आणि दाब पाच बारवरून दोनवर आणायचा आहे. फरक तीन बारचा. साठाला तीनच्या वर्गमुळाने भागले की सुमारे 35 येतात. हा आकडा उत्पादकाच्या तक्त्याशी आणि पाण्याच्या वेगाशी ताडून पाहिला, तर साधारण 80 मिलिमीटरचा व्हॉल्व्ह पुरतो. त्या जागी दीडशेचा बसवला, तर रात्रीच्या थोड्या प्रवाहाला तो जेमतेम किलकिला उघडतो, धडधडतो आणि त्याची बैठक झिजते. दिवस आणि रात्रीच्या मागणीत फारच अंतर असेल, तर मोठ्याशेजारी एक छोटा व्हॉल्व्ह जोडणे शहाणपणाचे.

बसवण्याचेही नियम आहेत. आधी नळ धुऊन काढावा, मग बाणाची दिशा पाहून व्हॉल्व्ह जोडावा. त्याच्या अगोदर कचरा अडवणारी जाळी, दोन्ही बाजूंना बंद करण्याचे व्हॉल्व्ह, दोन प्रेशर गेज, दुरुस्तीच्या वेळी पाणी वळवायला बगलेचा नळ, हवा जायला एअर व्हॉल्व्ह; आणि माणूस पाना घेऊन आत वाकू शकेल एवढे मोठे चेंबर. एवढे करूनही जाळी वेळच्या वेळी साफ झाली नाही, तर सारा खर्च पाण्यात!

हे आज सांगायचे कारण, 2019 च्या जलजीवन मिशनपासून आणि 2021 च्या अमृतच्या दुसऱ्या टप्प्यापासून नळजोडण्यांवर मोठा पैसा खर्च झाला आहे. पुण्यासारखी शहरे चोवीस तास पाण्याच्या योजना राबवत आहेत. हे अशक्य नाही, हे कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून दाखवून दिले. हुबळी-धारवाडमध्ये शहराच्या एका भागाला अखंड पाणी सुरू झाले, उरलेल्या भागाला थांबून थांबूनच मिळत राहिले. संशोधकांनी दोन्हीकडचे नमुने तपासले, तेव्हा थांबून येणाऱ्या पाण्यात जंतुदोष बराच अधिक आढळला. त्याचे कारण उघड आहे. रिकामा नळ चिरांतून शेजारच्या गटाराचे पाणी ओढून घेतो.

आणि जिथे नळ रोज रिकामा होतो, तिथे स्वयंचलित व्हॉल्व्हही फार काळ टिकत नाही. हवेचे धक्के आणि गाळ त्याचा जीव घेतात. म्हणून यंत्र आणि अखंड पुरवठा यांचा विचार एकत्रच व्हायला हवा. दाब निम्मा केला, तर ठरावीक छिद्रातून होणारी गळती सुमारे 30 टक्क्यांनी घटते. प्लास्टिकच्या नळाची चीर दाबाबरोबर रुंदावते, तिथे बचत आणखी अधिक. एवढे पाणी नवे धरण न बांधता मिळते. त्यासाठी कोणाचे गाव उठवावे लागत नाही.

मात्र धरणाला उद्घाटन असते, टाकीला कोनशिला असते. जाळी साफ करण्याचा समारंभ होत नाही. म्हणून नगरसेवक मते मागायला दारात येईल, तेव्हा नव्या पाइपलाइनची लांबी ऐकून घ्या आणि मग दोनच प्रश्न विचारा: आमच्या भागातला दाब रात्री दोन वाजता किती असतो, आणि ती नोंद कोण ठेवतो? पासबुकात नोंदच नसेल, तर शिल्लक कशाच्या भरवशावर मानायची?